आमराईत एक सकाळ: पोरांना घेऊन बाहेर पडणाऱ्या सांगलीकरांसाठी

थोरली सात वर्षांची असताना सांगलीच्या आमराई बागेत एका झाडाखाली उभी राहून तिनं विचारलं, ‘आई, हे कसलं झाड गं?’ मी वर बघितलं, खाली बघितलं आणि ‘असंच आहे, रानटी’ म्हणून मोकळी झाले. शेजारच्या बाकावरच्या एका आजोबांनी पेपर खाली घेतला. ‘अहो ताई, आंबा आहे तो.’ श्रावण होता. मोहोर नाही, कैरी नाही, म्हणून आमराईत मला आंबा ओळखता आला नाही!

त्या लाजेपोटी आम्ही महिन्यातून एकदा तरी आमराईत जायला लागलो. कधी घरची दोनच पोरं, कधी भाच्या-पुतण्यांसकट सात-आठ जणांची वरात. काय जमलं, काय फसलं, ते क्रमानं सांगते.

आधी एक गोष्ट पक्की करून घ्या. घसरगुंडी आणि झोपाळ्यासाठी जायचं असेल तर घराजवळची कुठलीही बाग चालते. आमराई ही पटवर्धनांच्या संस्थानकाळातली झाडांची बाग आहे. तिथं बघण्यासारखं जे आहे ते मान वर केल्यावर दिसतं. लहान मूल आपण होऊन मान वर करत नाही. ‘बघ किती छान’ म्हटलं तर अजिबात बघत नाही. ‘मोज’ म्हटलं की बघतं. म्हणून प्रत्येकाच्या हातात काहीतरी काम द्यायचं. बाकी सगळी तयारी या एका गोष्टीभोवती फिरते.

आदल्या रात्री

पिशवी रात्रीच भरा. शिवणकामाची टेप, पाच-सहा मीटर सुतळी, मेणखडू (टोकदार नकोत, जाडे), कोरे कागद, प्रत्येकाला एक जुनी वही आणि पेन्सिल, असलं तर भिंग. सतरंजी, टोपी, ओला रुमाल, माणशी एक बाटली पाणी, आणि कचरा परत आणायला एक रिकामी पिशवी. खायला दशम्या किंवा धपाटे, सोबत शेंगदाण्याची चटणी. रश्शाचं काही नेऊ नका. आम्ही एकदा डब्यात मटकीची उसळ नेली होती. ती सतरंजीनं खाल्ली.

बॅट-बॉल घरी ठेवा. एकदा बॅट निघाली की दहा वर्षांवरचं एकही पोर झाडाकडे ढुंकून बघत नाही, आणि चेंडू हमखास फिरायला आलेल्या एखाद्या आजोबांच्या पाठीत बसतो. मोबाइल मोठ्यांपैकी एकाकडेच, फोटोपुरता.

कधी जायचं? मार्च ते मे साडेसहाला आत, साडेनऊला बाहेर. सांगलीचं ऊन दहानंतर कुणाचं ऐकत नाही. ऑक्टोबर ते फेब्रुवारी सगळ्यांत सुखाचे महिने, तेव्हा आठला पोचलात तरी चालतं. पावसाळ्यात वारं असेल तर जाऊच नका. जुन्या झाडांच्या वाळक्या फांद्या वाऱ्यात पडतात आणि पडताना सांगून पडत नाहीत. फाटकावरची वेळेची पाटी पहिल्याच फेरीत वाचून वहीत लिहून ठेवा.

आणि घरातून निघताना सगळ्यांना संडास-बाथरूमला पाठवा, ‘मला नाही आली’ म्हणणाऱ्याला सगळ्यांत आधी.

पोचल्यावर

पहिली पंधरा मिनिटं काहीही शिकवू नका. पोरांना पळू द्या. तेवढ्या वेळात सतरंजीची जागा शोधा, आणि ती शोधताना वर बघा. आंब्याच्या फांदीवर पानं एकमेकांना शिवून केलेला हिरवा गोळा दिसला तर ती जागा सोडा. ते लाल मुंगळ्यांचं घर असतं. आपल्याच अळ्या ते रेशमाचा धागा सोडायला धरतात आणि त्या धाग्यानं पानं शिवतात. हे मला नंतर कळलं. आधी कळलं ते एवढंच, की असल्या गोळ्याखाली बसलं की मानेत आग पडते. आग्या मोहोळ दिसलं तर लांबूनच वळा. दगड मारणारं पोर आपल्यात असेल तर त्याचा हात धरूनच ठेवा.

मग पोरांना म्हणा, ‘आपापलं एक झाड निवडा.’ इथं घाई नको. धाकट्यानं पहिल्या वेळी अर्धा तास लावला आणि शेवटी एक वाकडं, कुणाच्याही नजरेत न भरणारं झाड धरलं. अजून तेच त्याचं आहे.

झाडाची मोजमापं

घेर मोजायचा तो जमिनीपासून १३७ सेंटिमीटरवर, म्हणजे साडेचार फुटांवर. माणसाच्या छातीइतकी ही उंची झाडं मोजणाऱ्यांनी ठरवून घेतली आहे, म्हणजे दर वेळी एकाच ठिकाणी मोजलं जातं. टेप पुरली नाही तर सुतळी गुंडाळा, टोक जिथं जुळेल तिथं चिमटीत धरा, जमिनीवर सरळ पसरा आणि टेपनं मोजा. घेराला ३.१४ नं भागलं की खोडाची जाडी. ३१४ सेंटिमीटर घेर आला तर झाड बरोबर एक मीटर जाड. पाचवी-सहावीच्या पोराला ‘पाय’ची (π) किंमत पुस्तकात कंटाळवाणी वाटते, इथं ती हातात येते. ज्यांना भागाकार येत नाही त्यांच्यासाठी मिठीची मोजणी: झाडाला किती पोरांची मिठी लागते? आमच्या वहीत एका झाडापुढे ‘साडेतीन पोरं’ अशी नोंद आहे. अर्धं पोर म्हणजे धाकटा.

उंचीसाठी चढायची गरज नाही. एक सरळ काठी घ्या. हात समोर ताठ केल्यावर डोळ्यापासून मुठीपर्यंत जेवढं अंतर येतं, तेवढीच काठी मुठीच्या वर राहील अशी धरा. ती उभी ठेवून मागे मागे सरका. मूठ बुंध्याच्या तळाशी आणि काठीचं वरचं टोक शेंड्याशी जुळलं की थांबा. तुम्ही उभे आहात तिथून झाडापर्यंतचं अंतर म्हणजे झाडाची उंची. ते पावलांनी मोजून मोकळे व्हा. फुटा-दोन फुटांची चूक होते, होऊ द्या. मागे सरकणाऱ्या पोराच्या मागे मात्र एक मोठं माणूस हवं. आमच्यातला एक जण थेट कारंजाच्या कठड्यावर बसला होता.

झाडाचं वय घेरावरून काढायचं सूत्र कुणी सांगितलं तर कानाआड करा. पाणी, माती, जात यांवर झाड किती वाढतं ते ठरतं. एकाच वयाची दोन झाडं वेगळ्या घेराची निघतात.

चार-पाच वर्षांच्या पोरांना सालीचा ठसा सगळ्यांत आवडतो. कागद खोडावर दाबून धरायचा आणि मेणखडू आडवा करून घासायचा. आंब्याच्या भेगा, जांभळाची खडबड आणि वडाची त्यामानानं गुळगुळीत साल कागदावर वेगवेगळ्या उमटतात. प्रत्येक ठशामागे झाडाचं नाव आणि तारीख. चाकूनं खोडावर नाव कोरलेलं दिसलं तर पोरं विचारतात, आपण पण कोरायचं का? त्यांना सांगा, झाडाचं जेवण सालीच्या लगेच आतल्या थरातून खाली जातं. तो थर गोल फिरून कापला तर झाड उपाशी मरतं.

आता माझा आंबा. पान लांबट, कडा किंचित लाटेसारखी, कोवळी पालवी तांबूस आणि लोंबती. खाली पडलेलं ताजं पान चुरगळून वास घ्या, कैरीची आठवण येते. फसवतो तो खोटा अशोक. त्याचंही पान लांब आणि लाटेचं असतं, पण लाटा जास्त असतात, पान जास्त निमुळतं असतं आणि झाड बहुतेक वेळा खांबासारखं सरळसोट वाढतं. वड, पिंपळ आणि उंबर ओळखायला पोरांना वेळ लागत नाही: पारंब्या वडाच्या, शेपूटवालं पान पिंपळाचं, खोडालाच फळं उंबराची.

एकच झाड वर्षभर बघितलं की खरी मजा कळते. पौष-माघात आंबा मोहोरतो. मोहोराची हजारो फुलं मोजत बसू नका, पण एक तुरा डोळ्यांत धरून ठेवा आणि महिन्यानं बघा किती कैऱ्या धरल्यात. बहुतेक वेळा एक-दोन, कधी एकही नाही. बाकीची फुलं कुठं गेली, हा प्रश्न पोरं स्वतः विचारतात. उन्हाळ्याच्या तोंडावर पांगारा आणि काटेसावर पानं टाकून लाल होतात, त्यांवर पक्ष्यांची झुंबड असते. एप्रिल-मेमध्ये बहावा पिवळे झुंबर सोडतो. जूनमध्ये जांभळं, तेव्हा पांढरे कपडे घालून जाऊ नका. कैऱ्या पाडू नयेत हे तर आहेच, पण वाऱ्यानं पडलेली उचलली तरी देठाचा चीक तोंडाला लागू देऊ नका. ओठ भाजल्यासारखे होतात आणि डाग आठवडाभर राहतो.

कान आणि सावली

मोजून झालं की सगळ्यांना सतरंजीवर आडवं करा. डोळे मिटून तीन मिनिटं. ज्याला जितके वेगळे आवाज ऐकू आले तितकी बोटं दुमडायची. साळुंकी आणि पोपट सगळ्यांना येतात. ‘टुक् टुक् टुक्’ असा भांडी ठोकल्यासारखा एकसुरी आवाज आला तर तो तांबट. चिमणीहून थोडा मोठा हिरवा पक्षी, आवाजापेक्षा कितीतरी उशिरा दिसतो. घुमणारा ‘हूप हूप’ भारद्वाजाचा. पिवळाधमक दिसला की हळद्या, आणि हळदीच्या गावात त्याचं नाव विसरणं शोभत नाही. लांब शेपटीचा, वाकड्या मोठ्या चोचीचा राखी धनेश दिसला तर त्या दिवशी लॉटरी लागली म्हणा. दुर्बीण नसली तरी अडत नाही. उलट एकच दुर्बीण नेली की तिच्यावरून होणाऱ्या भांडणात पक्षी उडून जातो.

सावलीचा खेळ सोपा आहे. मोकळ्या जागेत हातभर काठी रोवायची, सावलीच्या टोकाला खडा ठेवायचा, दर वीस मिनिटांनी नवा खडा. निघायच्या वेळी खड्यांची रांग दिसते आणि सूर्य सरकतो हे तोंडी सांगावं लागत नाही. सांगलीत ७ मेच्या आसपास दुपारी साडेबाराला दोन-तीन मिनिटं कमी असताना सूर्य अगदी डोक्यावर येतो आणि उभ्या काठीची सावली नाहीशी होते. ऑगस्टच्या ५-६ तारखेला पुन्हा तोच योग, पण तेव्हा ढगांची मेहेरबानी लागते. मे महिन्यातली ही गंमत घराच्या गच्चीवरच बघा. दहा मिनिटांसाठी पोरांना त्या उन्हात बागेपर्यंत नेण्यात अर्थ नाही.

खेळ आणि नाटक

लगोरी, विषामृत, डोंगर का पाणी, लंगडी. यांना काही लागत नाही आणि चार वर्षांचं पोरही खेळू शकतं. सूरपारंब्या मात्र नावापुरत्याच आठवा. जुन्या झाडांवर चढवू नका, झाडासाठीही आणि हाडासाठीही.

नाटकाचा नाद आम्हाला अपघातानं लागला. विष्णुदास भावे यांनी मराठीतलं पहिलं नाटक १८४३ साली याच गावात संस्थानिकांपुढे केलं. म्हणून ५ नोव्हेंबरला रंगभूमी दिन असतो आणि सांगलीला नाट्यपंढरी म्हणतात. त्या आठवड्यात आम्ही आमराईत गेलो असताना थोरलीनं हे शाळेत ऐकलेलं होतं, आणि ‘मग आपण इथं करू’ म्हणून तिनं फर्मान सोडलं. तेव्हापासूनचा नियम असा: दहा मिनिटांत नाटक बसवायचं, पाच मिनिटांत करायचं, प्रत्येकाला एक भूमिका, त्यातली एक झाडाची. झाड झालेल्याला बोलता येतं पण हलता येत नाही. लाजाळू पोरं झाडाची भूमिका मागून घेतात आणि मग सगळ्यांत जास्त बोलतात.

आजी-आजोबांना प्रेक्षक म्हणून बसवा, पण तेवढंच काम देऊ नका. सासूबाईंचे गुडघे दुखतात म्हणून त्या बाकावरच असतात. तिथं त्यांच्याकडे सागरगोटे आणि झाडांचं औषध-पाणी ही दोन खाती आहेत. कुठल्या झाडाचा पाला गुरं खातात, चिंचेच्या कोवळ्या पानांची भाजी कशी करतात, उंबराखाली पाणी का लागतं म्हणतात, असलं सगळं त्यांच्याकडून वहीत येतं. सगळंच शास्त्रात बसतं असं नाही. वहीत आम्ही समोर ‘आजी म्हणते’ असं लिहितो.

बागेतून नदीवर

साडेनऊच्या सुमाराला पोरं चिडचिडी होतात. त्याच्या आधी निघा, आणि ताकद उरली असेल तर कृष्णाकाठी जा. चिंतामणराव आप्पासाहेब पटवर्धनांनी बांधलेलं गणपतीचं काळ्या दगडाचं देऊळ नदीला लागून आहे. दर्शन झालं की घाटाकडे.

इथं एक कडक नियम. पाण्यात पाय नाही. कृष्णेत मगरी आहेत. भिलवडी, औदुंबर, ब्रह्मनाळच्या पट्ट्यात त्या वरचेवर दिसतात आणि शहराजवळही येतात. थंडीत सकाळी ऊन खायला काठावरच्या मातीत निवांत पडतात. पोरांना भीती घालून बसवू नका. ‘नदी हे मगरीचं घर आहे, आपण पाहुणे’ एवढं सांगितलं तर ती स्वतःच पायरीवर थांबतात आणि धाकट्यांना थांबवतात.

मग आयर्विन पूल. १९२९ साली खुला झालेला, व्हाइसरॉयच्या नावाचा. पावसाळ्यात अख्खी सांगली एकच प्रश्न विचारते, ‘आयर्विनला किती फूट?’ पोरांनी हा प्रश्न जन्मापासून ऐकलेला असतो, पण फूट म्हणजे काय ते बघितलेलं नसतं. पाण्याची पातळी मोजायची पट्टी लांबून दाखवा. ४० फुटांना इशारा, ४५ फुटांना धोका. २००५ साली पाणी ५३ फुटांच्या पुढे गेलं, २०१९ साली ५७ फुटांच्या पुढे. ही उंची नदीतल्या पट्टीवरची आहे, रस्त्यावरच्या पाण्याची नव्हे, हे नक्की सांगा. धाकट्याला वाटत होतं की आपली गल्ली ५७ फूट बुडाली होती. घरी आल्यावर आपल्या भिंतीवर पाणी कुठवर आलं होतं ते आजोबांना विचारायला लावा. आमच्याकडे ती खूण रंगाखाली गेली आहे, पण हात बरोबर तिथंच जातो.

वेळ असेल तर हरिपूर

शहरापासून चार-पाच किलोमीटरवर कृष्णा आणि वारणा मिळतात. संगमेश्वराचं देऊळ, नदीकाठ, जुनी चिंचेची झाडं. श्रावणातल्या सोमवारी इथं यात्रा असते, तेव्हा लहान पोरं घेऊन जाऊ नका. बाकीच्या दिवशी शांत असतं. दोन नद्यांच्या पाण्याचा रंग वेगळा दिसतो का, हे काठावरून बघायचं. पावसाळ्याच्या सुरुवातीला आणि नंतर वेगवेगळं उत्तर मिळतं.

हरिपूरची खरी नवलाई जमिनीखाली आहे. इथल्या मातीत हळद साठवायला पेवं खोदायचे: तोंड अरुंद, पोट रुंद, आत हळद भरून वरून बंद. वर्षानुवर्षं ती आत सुरक्षित राहायची. २००५ च्या महापुरात आणि नंतरच्या पुरांत पाणी शिरून बरीच पेवं गेली. सांगलीच्या हळदीला २०१८ साली भौगोलिक मानांकन मिळालं, पण ती कुठं निजायची हे गावातल्या पोरांना माहीत नाही. एखाद्या जाणत्याला विचारून जागा बघा. उघड्या पेवाजवळ मात्र पोरांना एकटं सोडू नका आणि आत डोकावू देऊ नका. बंद पेवात हवा कोंडलेली असते, आत उतरलेली माणसं गुदमरतात.

पाऊस आला तर, आणि पोरं मोठी झाली की

पावसानं बेत फिसकटला तर मिरजेची सतारमेकर गल्ली. सांगलीहून दहाएक किलोमीटर. वाळलेल्या भोपळ्याची सतार कशी होते हे बघताना आमच्या दंगेखोर पुतण्यानं चक्क वीस मिनिटं तोंड मिटलं होतं. कामाची वेळ असते, म्हणून आधी विचारा, चार-पाच जणांपेक्षा जास्त जाऊ नका आणि लाकडाला हात लावायच्या आधी परवानगी घ्या.

दहा-बारा वर्षांच्या पोरांना सागरेश्वर. देवराष्ट्रेजवळचं हे अभयारण्य १०.८७ चौरस किलोमीटरचं, १९८५ साली जाहीर झालेलं. उजाड डोंगरावर माणसांनी झाडं लावून ते उभं केलं, त्यामागे धों. म. मोहिते यांची चिकाटी होती. सांबर, चितळ, काळवीट दिसतात, पण गलका केला तर फक्त झुडपं हलताना दिसतात. आमराईत तीन मिनिटं आडवं पडायची सवय इथं कामाला येते. पाणी भरपूर न्या, चढ आहे.

परतीच्या वाटेवर भडंग. पोरांना तिखट कमी सांगून वेगळा पुडा बांधून घ्या. घरी पोचल्यावर सतरंजी गॅलरीत नाही, खाली अंगणात झटका. मुंगळे अजून असतात. वही मात्र लगेच कपाटात नको, टेबलावर ठेवा. संध्याकाळपर्यंत कुणीतरी ती उघडून एखादं पान चिकटवतंच.